चार मिनिटं

पहाटे पाचला सामुद्रधुनी शिशासारखी जड असते.
यिल्वा त्या रबरी पोशाखात स्वतःला कोंबते,
जुनी उशी नव्या, तोकड्या अभ्र्यात घालावी तशी,
आणि पाठीवरची चेन ओढायला माझ्याकडे वळते.
अठ्ठेचाळीस वर्षांची माझी मुलगी.
शाळेच्या स्वयंपाकघरात रोज तीनशे पोरांचे बटाटे उकडते,
त्यातलेच दोन, मीठ लावून, सायकलवर खाते.

मग ती पोहते आणि मी वल्हवतो.
नियम एकच, तिनेच घातलेला :
नावेला हात लावायचा नाही.
डावीकडे पूल. सहा किलोमीटर काँक्रीट,
काल्मारपासून पार ओलांद बेटापर्यंत.
पूल असताना पोहायचं कशाला,
मी विचारतो, दर वेळी, तेच.
ती तोंड बाहेर काढते तेवढ्या वेळात
एक श्वास मावतो, उत्तर मावत नाही.

पूल झाला तेव्हा माझी नोकरी गेली.
फेरीबोटीवर होतो मी, बावीस वर्षांचा,
फळी ओढणारा, दोर सोडणारा.
सात वीस म्हणजे सात वीस.
धक्क्यावरून कुणी टोपी सांभाळत पळत यायचं,
कुणाच्या हातात केकचा डबा, कुणाच्या कडेवर मूल,
आणि मध्ये पाणी : आधी वीतभर,
मग हातभर, मग वावभर,
मग हाका मारणंही बावळट दिसेल इतकं.
वाईट वाटायचं नाही.
वेळापत्रक काही मी छापलं नव्हतं.

गेल्या ऑगस्टात ती पोहून आली,
एकशे ऐंशी किलोमीटर सायकल मारली,
त्या बेटावरच्या चुनखडी माळावर,
जिथे झाडंसुद्धा वाऱ्याला पाठ देऊन, वाकून वाढतात,
आणि जिथून पुढे बेचाळीस किलोमीटर धावायचं
त्या रेषेवर पोचली
चार मिनिटं उशिरा.
पिवळ्या जाकिटातला एक पोरगा खाली बसला.
तिच्या घोट्यावरचा पट्टा सोडवला त्यानं,
जखमेची पट्टी काढावी तसा, हळू.
मग मान वर न करता घड्याळाकडे बोट दाखवलं.
दोरीपलीकडे मी, हातात सोललेलं केळं.
तो चेहरा मी ओळखला.
रोज आरशात दाढी करायचो मी त्याची, बाहत्तर साली.

त्या रात्री तिने साखळी पुसली. पुन्हा पुसली.
पुढे कधीतरी मी विचारलं, चार मिनिटं कुठे पडली असतील,
किल्ली कुठे पडली विचारावं तसं.
ती म्हणाली, दीड मिनिट लघवीत,
एक त्या बाईला पंप देण्यात,
बाकीचं रडण्यात, पुलावर, उतारावर.
रडायला उतार कशाला निवडलास?
चढावर दम लागतो, बाबा.

हिवाळाभर गॅरेजमध्ये तिची सायकल जागच्या जागी फिरली.
तोर्ग्नी, माझा जावई, बातम्यांचा आवाज वाढवत राहिला.
खिडकीची बर्फाची साय तिच्या वाफेनं वितळायची,
रात्रीत पुन्हा धरायची.

आज मध्यावर वारा फिरला.
जेलीफिश, ती जांभळट, डसणारी, बश्यांसारखी खाली तरंगत होती.
ती थांबली. ओठ निळे.
हात वर आला, आणि नावेच्या काठापासून
वीतभर अंतरावर थबकला.

मी वल्ही आत घेतली.
नाव सरकली तिच्याकडे.
प्रवाहानं, म्हणा हवं तर.
पन्नास वर्षांत पहिल्यांदा मी धक्क्याकडे मागे येत होतो.

तिने काठाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
नाकातलं पाणी शिंकरलं,
हात मागे घेतला.
"घड्याळ बंद नाही ना केलंस?"
नाही, म्हणालो.
खरं तर केलं होतं.
पुन्हा चालू केलं, आणि मधली मिनिटं
मनात मोजून मिळवली, एक सेकंद न सोडता,
कारण असल्या बाबतीत
मला खोटं बोलता येत नाही.

परवा पुन्हा. पाचला.
मी पावणेपाचला येऊन बसतो धक्क्यावर.
दोर बांधलेलाच असतो.