काही गोष्ट नाही

पाकीट परत आलंय हे आता
पोस्टमन जाटवांच्या हातावरूनच कळतं.
जाड असलं की ते हाक मारत नाहीत,
दाराच्या फटीतून आत सरकवतात, हळू,
कुणी गेल्याचं पत्र द्यावं तसं.

साभार परत.
पुण्याहून लष्करात यायला नऊ दिवस.
या खेपेला चार ओळींची चिठ्ठीही होती:
कथेत जीव आहे, पण भाषेला हिंदीचा वास येतो.
पान दोनवर तांबड्या पेन्सिलीची रेघ,
रेघेच्या वर माझं वाक्य,
"काही गोष्ट नाही, पोरा, ऊठ."
समासात: म्हणजे काय?

म्हणजे काय.
चिटणीसांच्या गोठीत सायकलवरून पडले,
गुडघा फुटला, तेव्हा आई हेच म्हणाली होती.
बाबांना घेऊन गेले त्या दुपारी
शेजारच्या निगुडकर काकू पाठीवर हात ठेवून
हेच म्हणाल्या.
चार पिढ्या तिघऱ्याचं पाणी पितोय आम्ही,
'कोई बात नहीं' आमच्या उंबऱ्यातून आत येताना
कधी नऊवारी नेसून आलं
कुणी पाहिलं नाही.

तिकडे मात्र ऐकू गेलं असेल ते असं:
काही गोष्ट नाही. गोष्टच नाही.
बावीस पानं, आणि गोष्ट नाही.

दुसऱ्या दिवशी कचेरीत
पेन्शनच्या अकरा फायली मी परत पाठवल्या.
कारण: हयातीचा दाखला जोडलेला नाही.
कारण: सही जुळत नाही.
पंचवीस वर्षं माझ्याही हातात तांबडी पेन्सिल आहे.
बारावी फाईल शिवपुरीकडची, द्रौपदीबाई धाकड,
अंगठा पुसट.
जरा वेळ तशीच धरून बसले.
मग तीही परत केली. नियम आहे.

सुटल्यावर घरी न जाता
हरगोविंद राठौरांच्या गजकच्या भट्टीवर गेले.
कथा त्यांच्यावरच होती, त्यांना ठाऊक नव्हतं.
पोत्यावर बसून वाचून दाखवली, मराठीतूनच,
जन्म गेला त्यांचा आमच्या लोकांना गजक तोलण्यात,
सगळं कळतं.
जिथं लिहिताना मी रडले होते तिथं ते हसले.
जिथं हसायचं तिथं भट्टीत लाकूड सारलं.
पान चारवर हात वर केला:
"बहनजी, ठंडे पे कुटाई नहीं होती."

थंड गूळ कुटला की फुटतो, म्हणाले,
पदर सुटत नाहीत त्याचे.
हाताला चटका बसतोय तोवरच कुटायचं,
तीळ तेव्हाच घेतो तो.

पान चार.
तीन रात्री मी तिथंच अडले होते,
शेवटी एक देखणी उपमा घातली आणि पुढं सटकले.
पुण्याच्या पेन्सिलीनं त्या उपमेला
हातसुद्धा लावला नव्हता.

राग आला. कुणाचा, ते ठरेना.
खुंटीवर गूळ ओढत होता त्यांचा पुतण्या,
तांबडी दोरी, दर हिसक्याला थोडी फिकी होणारी.
"लगाओ हाथ," राठौर म्हणाले.
लावला.
दोन बोटांना फोड आले.

रात्री पान चार पाठकोऱ्या बाजूनं नव्यानं धरलं.
पेन नीट टेकत नव्हतं, अक्षर शाळेतल्यासारखं वाकडं.
पान दोन तसंच राहू दिलं.
प्रश्नचिन्ह रबरानं घासलं, तांबडं थोडं उरलंच.

लेक पाणी प्यायला उठली,
"बोटांना काय झालं गं?"
काही गोष्ट नाही, म्हटलं,
आणि तोंडातून बाहेर पडल्यावर
स्वतःशीच हसले, मग जरा वेळ हसले नाही.

पत्ता कुठला घालायचा, अजून ठरलेलं नाही.
परतीची तिकिटं मात्र
याही वेळी आत ठेवलीत.
द्रौपदीबाईंची फाईल उद्या टपालात पडायच्या आत
काढून बघायची आहे एकदा.