आधीची व्याधी

फेब्रुवारीत दवाखान्याचा फोन
सकाळी सातपासूनच वाजू लागला.
मी अजून कोटसुद्धा काढलेला नसायचा.
प्रश्न एकच, आवाज तेवढे निराळे:
कार्ड आहे तोवर
काय काय करून घेता येईल?

केंटकीच्या या खोऱ्यात
माणसं अशी घाई करत नाहीत.
दात ठणकला तर लवंग धरतात,
गुडघा गेला तर काठी तासतात,
छातीत कळ आली तर रविवारपर्यंत थांबतात,
चर्चमध्ये कुणीतरी चेहरा बघून विचारेल म्हणून.
पण रेडिओ म्हणाला, कायदा रद्द होणार,
आणि सगळं खोरं एकदम आजारी पडलं.

म्हणजे, आजारी होतंच.

हॉबर्ट स्टिडम आला. एकतीस वर्षं खाणीत.
आमच्या दाराशी चार पायऱ्या आहेत,
तो दुसरीवर थांबला, मग तिसरीवर.
म्हणाला, दोन्ही मोतीबिंदू एकदमच काढा.
डॉक्टर म्हणाले, एक झाला की मग दुसरा.
तो म्हणाला, दुसऱ्याची पाळी येईस्तोवर
कार्डच गेलेलं असलं,
तर उरलेलं अर्धं जग कुठे ठेवू?

ओपल कॉडिलनं पर्समधून एक पत्र काढलं,
घड्यांवर झिजलेलं.
कायदा यायच्या आधीचं,
तिचा एमेट अकरा आठवड्यांचा असतानाचं.
कंपनी दिलगीर होती.
कारणाच्या जागी दोनच शब्द: व्याधी आधीची.

कशाच्या आधीची? ओपलनं मलाच विचारलं,
जणू ते पत्र मी टाइप केलं होतं.
हृदयाला भोक घेऊनच आला तो.
त्याच्या आधी नुसती मी होते,
आणि माझ्या आत
दोन लयींतले ठोके.

सात वर्षांचा एमेट
खुर्चीखाली शिरून च्युइंगगम मोजत होता,
लोकांनी चिकटवून ठेवलेले.
एकोणीस, असं त्यानं जाहीर केलं.

व्याधी शरीराची, आधि मनाची,
दोघी बहिणी हात धरूनच येतात घरात.
फॉर्मवर मात्र
एकीपुरतीच चौकट असते.

माझ्या नवऱ्याचं सांगायचं तर
त्यानं मत दिलं ते कायदा काढणाऱ्यांनाच.
कायद्याला तो शिव्या द्यायचा, कार्डाला नाही.
कार्डाला राज्यानं वेगळंच गोड नाव दिलेलं,
त्याला वाटलं, हे वेगळं, ते वेगळं.
जेवताना मी सांगितलं: क्लेटन, तेच ते.
तो बराच वेळ मीठ शोधत राहिला.
मीठ त्याच्या ताटाशीच होतं.

मी भांडले नाही.
जात्यातले आणि सुपातले
एकाच टेबलावर बसले होते,
आणि कोण कुठला
हे आम्हालाही नक्की ठाऊक नव्हतं.

रात्री फ्रिज उघडून बघितलं:
ताकाच्या बरणीमागे
त्याच्या इन्सुलिनच्या कुप्या सरळ रांगेत,
लेबलं सगळी दाराकडे वळवलेली.
काल त्या मी अशा लावल्या नव्हत्या.

आता जूनपर्यंतची वही भरली आहे.
सगळी नावं पेन्सिलनं,
खोडायला सोपी.
तिकडे राजधानीत माणसं हात वर करतात, खाली करतात,
इकडे मी रबराचा भुगा फुंकते.

आज हॉबर्टचा फोन आला.
डावा डोळा झाला, पट्टी निघाली.
म्हणाला, बाई, समोरच्या डोंगरावर झाडं आहेत!
म्हणजे आहेत हे माहीत होतं,
पण एकेक आहेत.

उजव्याची तारीख एकोणीस मे.
ती मी शाईनं लिहिली.
आणि वही मिटायच्या आत
फोन पुन्हा वाजला.