चेलोची जागा

व्हॅनमध्ये सहा जागा आणि आम्ही पाच.
सहावी चेलोची. खिडकीशी, पट्टा बांधून.
याला गाडी लागते, मॉर्व्हेन म्हणायची,
आणि त्याच्या मानेवर हात ठेवून झोपायची
डंडी ते ॲबर्डीन, ॲबर्डीन ते इन्व्हरनेस.
मागे माझा बासून, इशबेलचं व्हायोलिन,
आणि तादेउशचा मोठा ड्रम,
ज्याच्या पोटात आम्ही सगळ्यांचे मोजे ठेवत असू.

सुरुवात स्ट्रुअनच्या आईच्या लोकरीच्या दुकानात,
संध्याकाळी शटर ओढल्यावर.
बँडचं नावही पाटीवरूनच उचललं: मॅक्रे अँड डॉटर्स.
आमच्यात मॅक्रे एकच, आणि डॉटर कुणाचीच नाही
(म्हणजे होतो कुणाच्या ना कुणाच्या, पण त्या अर्थाने नाही).
आम्ही तिथे जीव तोडून वाजवायचो.
लोकर आवाज पिते.
पुढे एका समीक्षकाने त्याला "विलक्षण संयम" म्हटलं.
आम्ही खुलासा केला नाही.

पहिली रेकॉर्ड आर्ब्रोथच्या रिकाम्या चर्चमध्ये, मार्च महिन्यात.
हीटर लावला की त्याची घरघर माइकमध्ये,
बंद केला की सूर उतरायचा, बोटांसकट.
तिसऱ्या गाण्यात एक समुद्रपक्षी ओरडतो,
बरोब्बर जिथे इशबेल चुकली तिथे.
तो टेक ठेवला.
पाचशे प्रती. कव्हरं आम्हीच घड्या घातलेली,
पुठ्ठ्याने माझा अंगठा कापला,
काही कव्हरांवर तपकिरी ठिपका आहे.
त्या मी आधी विकल्या.

न्यूकॅसलहून बोटीने ॲमस्टरडॅम, मग ब्रेमेन.
ब्रेमेनला अकरा माणसं, त्यातली तीन बारची.
एक बाई शेवटपर्यंत डोळे पुसत होती.
रडत होती, स्ट्रुअन म्हणाला.
सर्दी, तादेउश म्हणाला.
हा वाद हॅनोव्हरपर्यंत चालला.

मग ओट्सची जाहिरात आली.
दुसऱ्या गाण्याचे एकोणीस सेकंद, वर वाफाळता वाडगा.
त्यातून गिअरबॉक्स. इशबेलची दाढ.
उरलं ते पाचांत भागलं, प्रत्येकी एक कोट,
आणि चेलोला नवी घोडी.
त्या वर्षी आम्ही श्रीमंत दिसत होतो,
निदान थंडीत.

लंडनहून एक गृहस्थ आला, बुटांना चिखल न लावता.
सगळं ऐकलं. म्हणाला, सुंदर.
म्हणाला, फक्त तो बासून...
आणि हाताने हवेतलं काहीतरी बाजूला सारलं.
कुणी माझ्याकडे पाहिलं नाही.
इशबेल तार लावत राहिली, जी लागलेलीच होती.
मी मनातल्या मनात व्हॅनमधून माझे मोजे काढून घेतले.
स्ट्रुअन म्हणाला, बासून राहील.
एवढंच.
त्याने चहाचे पैसे दिले आणि तो माणूस गेला,
त्याच्याबरोबर बाकीचंही बरंच.
नंतर आम्ही यावर कधीच बोललो नाही.
भांडणं झाली ती डिझेलच्या पावत्यांवरून.

मॉर्व्हेनला गोथेनबर्गला नोकरी लागली,
पगारी ऑर्केस्ट्रा, दातांचा विमा.
स्टर्लिंगचा कार्यक्रम शेवटचा होता
हे स्टर्लिंगला माहीत नव्हतं, आम्हालाही नीटसं नाही.
तिथूनच ती स्टेशनवर उतरली, तो पाठीवर.
परतीला दोन जागा रिकाम्या.
सैल पट्ट्याचं बक्कल दारावर टकटकत राहिलं.
तादेउशने गुडघ्यावर त्याचा ताल धरला,
पर्थच्या अलीकडे कुठेतरी सोडून दिला.

मी आता शाळेत शिकवते. बासून घेणारी मुलं दोन,
त्यातल्या एकाचे हात अजून भोकांपर्यंत पोचत नाहीत.
पलंगाखाली एकशे सदतीस रेकॉर्ड्स.
वर्षातून एखादी जाते कुठेतरी, पोर्तोला, साप्पोरोला.
पोस्टातली बाई फॉर्म पुढे करते, किंमत लिहा,
आणि दर वेळी माझं पेन तिथे थोडं अडतं.

काल एक परत आली. पत्त्यावर कुणी राहत नाही.
पाकीट फाडलं तर कोपऱ्यात ठिपका,
विकायची राहिलेली.
लावली नाही.
अंगठा ठेवून पाहिला त्यावर.
डाग आटलाय, किंवा अंगठा
रुंद झालाय इतक्या वर्षांत.