ओडवार झोपलाय

खिडकीवर दोन ब्लँकेटं ठोकलीत
तरी फटीतून ऊन येतंच.
जूनमध्ये वार्डोला रात्र नुसती घड्याळात असते.
शेजारची गुनवोर पहाटे दीडला कुंपण दुरुस्त करत होती,
तिला खुणेनंच सांगितलं : ओडवार झोपलाय.
हातोडी खाली ठेवली तिनं. तिचाही नवरा बोटीवर असायचा.

पाच आठवडे ट्रॉलर.
सहा तास जाळी, सहा तास बंक,
त्यातला एक बूट काढण्यात, एक जेवणात.
उरलेल्या झोपेला मीठ लावून ठेवलं असेल त्यानं,
कॉडसारखं,
घरी नेऊन निवांत खाऊ म्हणून.
झोप तशी टिकत नाही.

मी उशाशी मोजा विणत बसते, बघते.
आधी श्वास जड होतो, जबडा सुटतो,
हात पलंगाबाहेर लोंबतो ओल्या दोरासारखा.
तेव्हा छप्पर उडालं तरी कळायचं नाही.
मग पापण्यांखाली बुबुळं पळू लागतात,
पायाची बोटं हलतात,
काहीतरी ओढत असतो.
मग कूस. एक डोळा किलकिला.
बर्फातल्या भोकाशी सील येतो,
नाकपुड्या उघडून हवा घेतो
आणि परत खाली,
तसा.
एका बुडीत माझ्या अकरा ओळी होतात.

पहिल्या दिवशी बाराच्या ठोक्याला ताडकन उठून
बूट चाचपू लागला.
"तुझी पाळी नाहीये," मी म्हटलं.
आडवा झाला. सहाला पुन्हा तेच.
दुसऱ्या दिवशी उठून जेवलासुद्धा,
पण हातातला चमचा टेबलावर शोधत होता.
डोळे उघडे, म्हणून जागा म्हणायचं.

काल रात्री, म्हणजे लख्ख उन्हात,
बाराला उठला नाही.
बुडी, वर, परत बुडी.
सहालाही नाही.
पाचव्या बुडीला टाचेशी माझा टाका सुटला,
कारण डुलकी मलाच लागली होती.

जाग आली तर खोलीभर उजेड.
ब्लँकेटं जमिनीवर,
तो खिडकीशी अनवाणी,
गालावर उशीच्या शिवणीचा वळ.
किती वाजले, विचारलं नाही.
बोट कधी सुटणार, तेही नाही.
अंगणापलीकडे बघत म्हणाला,
"शेडचं दार पिवळं कधी झालं?"

ऑक्टोबरात रंगवलं होतं मी.
त्यानंतर चारदा
तो घरी येऊन गेला.