बारा अंड्यांची चोवीस

अंडी ताजी नकोत.
ताजं सोलताना सालीबरोबर पांढरं पण उचलून येतं,
खड्डे पडतात, आमच्या अनगोळच्या रस्त्यासारखे.
आठवड्याची बघून घ्या
आणि आदल्या रात्री आडवी निजवा,
बलक मधोमध येतो.
हे मला कॅम्पातल्या ओफेलियाबाईनं सांगितलं,
जिच्या गेटचं बिडाचं बिजागर मी ओतून दिलं होतं
आणि जिनं पैशांऐवजी दिली
कागदात गुंडाळलेली बेकनची पुडी,
आणि ही कृती. तोंडीच.

एकतीस वर्षं उद्यमबागेत वाळूचे साचे दाबले मी,
म्हणून सांगतो, अंडं म्हणजे कास्टिंगच.
पांढऱ्याचा साचा, पिवळ्याचा कोअर.
अकरा मिनिटं उकळी, लगेच गार पाण्यात.
उशीर केलात की बलकाभोवती
हिरवट काळी रेघ उमटते.
तो जॉब रिजेक्ट.

कापायचं दोऱ्यानं. सुरीला चिकटतं.
मधोमध कापताना कुणीतरी सीमेबिमेचं काढतंच,
ह्या गावात काढतातच.
माझ्याकडं ते नको.
मी अंडं कापायलोय.

बलक कुस्करा. मेयोनीज दोन चमचे,
मोहरी पाट्यावर फेसून, नाकात झिणझिण्या येईतो,
माडाच्या व्हिनेगरचे चार थेंब.
मीठ बेतानं, बेकन स्वतःचं मीठ घेऊन येतं.
नंदिनीची दुधाची पिशवी धुऊन वाळवलेली असते,
तिचा कोपरा कातरून
पिळत पिळत भरायचं, वर शेंडी काढून.

तीन अंड्यांची आधी, दस्तगीरसाठी,
वेगळ्या ताटलीत,
वर नुसती ब्याडगीची पूड आणि कोथिंबीर.
ती झाकून आत ठेवल्यावरच पुडी सोडायची.

बेकनचा तवा वेगळा. तो मागच्या पडवीत
रॉकेलच्या जुन्या डब्यावर राहतो.
शालन म्हणते, "त्याला मी हात लावायची नाही.
वासाला पण उभी राहायची नाही."
थंड तव्यावर पट्ट्या मांडा, मग आच.
चरबी हळूहळू सुटते, कडा आकसतात,
शेजारच्या खिडकीची एक फळी उघडते
आणि थोडा वेळ उघडीच राहते.
कुरकुरीत झालं की तुकडे,
प्रत्येक अर्ध्यात एकेक उभा खोचून.

सोपा पाहुणचार तो हाच:
मंडळी यायच्या आत हात धुतलेले,
शर्ट बदललेला,
आपण पण खुर्चीत.

आले. मोनाप्पा सांबरेकर, त्याचा मेव्हणा, दस्तगीर,
आणि शिवबसप्पा, जो तत्ती खात नाही.
त्याला काकडीच्या होड्या, चक्का भरून,
शेंडी मात्र तशीच.
रमी लागली. पत्ते तेलकट झाले.
"हे कुठल्या हाटेलातलं रे?" मोनाप्पा म्हणाला.
"फौंड्रीतलं," मी म्हटलं.

शेवटी थाळीत एकच उरलं.
"तू घे की."
"नको बे, तूच घे."
"तगोरी, तगोरी," शिवबसप्पा म्हणाला,
जणू त्यानंच केलंय.
ते अर्धं बसून राहिलं
मानपानाला अडलेल्या मामासारखं.

तेवढ्यात लाइट गेली.
कुणी उठलं नाही. मेव्हणा काडेपेटी चाचपत होता.
स्वयंपाकघराचा पडदा सरकला,
अंधारात दोन बांगड्या
एकमेकींना लागल्या.

लाइट आली तेव्हा थाळी रिकामी.
दस्तगीर पंख्याकडं बघत होता.
शिवबसप्पा जुळलेलेच पत्ते परत जुळवत होता.
मोनाप्पा खाकरला, "वाटा की गा,
कुणाची पाळी?"

सकाळी चहाला आधण ठेवताना
शालन पाठमोरीच म्हणाली,
"मोहरी जरा जास्तच झाल्ती."