बत्तिसाव्या खुणेपाशी

टॉडमॉर्डनच्या वर, बंद पडलेल्या बोगद्यात
आम्ही आभाळ मोजत होतो.
डोक्यावर साठ मीटर वालुकाश्म,
त्यावर ओलं गवत, गवतावर क्लिफर्डच्या मेहुण्याच्या मेंढ्या,
आणि त्यांच्याही वर, पंधरा किलोमीटरवर,
कुठून तरी निघालेला एक प्रोटॉन
हवेवर आपटून फुटत होता.

त्यातून म्यूऑन निघतो.
आयुष्य म्हणाल तर एका सेकंदाचे दहा लाख तुकडे करा,
त्यातले दोन. वर थोडी चिल्लर.
एवढ्यात तो ढगांपर्यंतही पोचू नये.
पण इतक्या घाईत असतो
की त्याचं घड्याळच मागे पडतं,
आणि मरण पत्ता चुकल्यासारखं
उशिरा येतं.
हे मी परीक्षेत तीनदा सिद्ध केलंय.
अंगवळणी अजून पडलेलं नाही.

क्लिफर्ड हेलिवेल, रेल्वेतून निवृत्त, गुडघे गेलेला,
रोज सकाळी ढकलगाडी चार मीटर पुढे सरकवायचा,
भिंतीवर खडूने नवी खूण.
गाडीवर प्लास्टिकच्या दोन पाट्या,
काळ्या कागदात, काळ्या टेपमध्ये,
बाळंतिणीच्या खोलीत तिरीप येऊ देत नाहीत, तशा.
वरचीतून गेला आणि खालचीतूनही, तरच एक धरायचा.
"दोन साक्षीदार," क्लिफर्ड म्हणायचा, "लग्नाला लागतात तसे."

दगड जाड, तर आकडा कमी.
हवा जड, तरीही कमी;
म्हणून वहीत दाबमापकाला वेगळा रकाना.

मार्चमध्ये फोन आला.
मी सांगलीला गेले, तेरावा उरकून परतले.
वहीत सोळा पानं त्याच्या अक्षरात,
तिरपी, ठसठशीत, दोनदा गिरवलेली.
त्याने काही विचारलं नाही.
थर्मासचं झाकण भरून पुढे केलं.

तासाला एकशे बारा, खूण तीस.
एकतीस, एकशे सव्वीस.
बत्तीस, एकशे नव्वद.
मी म्हटलं, चुकलास. उजेड शिरला असणार.

तो रागावला नाही, गाडी मागे आणली.
आम्ही सगळी टेप सोलली, सगळी पुन्हा चिकटवली.
तीन रात्री मी तिथेच, घोंगडीत,
बोगदा थेंब थेंब बोलत होता.
एकशे एक्क्याण्णव.
एकशे अठ्ठ्याऐंशी.
एकशे नव्वद.

म्हणजे वर दगडच नाही.

रेल्वेच्या नकाशात उभ्या विहिरी सात.
ही आठवी. कुणी तरी बुजवली,
आणि कागदावरूनही.
मे महिन्यात कुरणातून भोक पाडून कॅमेरा सोडला:
विटांचं कडं, काळं पाणी, लोखंडी बादली,
आणि एका विटेवर, खिळ्याने ओढलेल्या,
चार उभ्या रेघा, त्यांवर एक आडवी,
पुन्हा दोन.

क्लिफर्डने टोपी काढली.
मेंढ्या चरत राहिल्या.
पोकळी, व्यास अंदाजे तीन मीटर,
असं मी अहवालात लिहिलं.
रेघांचं काय लिहावं कळेना. चित्र जोडलं.

जूनमध्ये आकडे पक्के करताना
त्या सोळा पानांशी अडले.
दाबाच्या रकान्यात दर दिवशी दोन नोंदी:
वरची शाईने, इथली, नऊशे नव्वद, नऊशे सत्त्याऐंशी.
खालची पेन्सिलीने, बारीक,
नऊशे बावन्न, नऊशे एक्कावन्न.
मला वाटलं, बिघडलं यंत्र.
मग उंचीचा हिशेब मांडून पाहिला.

सांगली.
रोजची. सोळाही दिवस.

ते आकडे गणितात कुठेच लागत नाहीत.
मी खोडरबर उचललं होतं,
खाली ठेवलं.