बुधवारी आलेली पाकिटं

मंगळवारी रात्री आठ वाजता
डॉर्थिया क्वामने कचेरीच्या दाराला कडी घातली.
भिंतीवरच्या घड्याळावर तिचा भरवसा नाही,
रेडिओवर वेळ सांगितली तेव्हाच तिने हात उचलला.
आठ म्हणजे आठ.

बुधवारी दहाच्या सुमाराला टपालाचा ट्रक आला:
वीजबिलं, बियाण्यांचे कॅटलॉग,
आणि रबरबँड लावलेली मतांची पाकिटं.
वरातीमागून घोडं म्हणतात; इथे एकोणीस.

तारखेचा ठोकळा मी फिरवला, लाल शाई घेतली.
उशिरा. उशिरा. उशिरा.
सातव्यावर शाई फिकी उठली म्हणून पुन्हा ठोकला,
आणि तेव्हा सही वाचली: होलिस ट्रेम्बली.

होलिस बोटीवर रांधतो.
मक्याचे पंधरा पडाव पुढ्यात घेऊन ढकलत नेणारी बोट,
महिना महिना घराचं तोंड दिसत नाही.
पाकिटाच्या कोपऱ्यात तेलाचा डाग आहे.
गुरुवारी, बोट कुठल्याशा जलद्वारापाशी खोळंबली असताना
त्याने ते काठावरच्या कुणाच्या तरी हातात दिलं असणार;
शिक्का तसं सांगतो.
मग ते दोनशे मैल उलट्या दिशेला गेलं,
कारण आमची पत्रं आता तिकडे निवडतात.
शनिवार-रविवार कुठल्या पोत्यात झोपलं, देव जाणे.

नदी इथे राज्याची हद्द आहे.
पलीकडे शिक्का बघतात, आमच्याकडे दरवाजा.
पुलाच्या त्या टोकाला होलिसची बहीण राहते, मार्लिस.
तिने मंगळवारी, दुकान आवरता आवरता, पाकीट टाकलं.
शुक्रवारी पोचलं
आणि मोजलं गेलं.
एका चुलीवरचं खाऊन वाढलेली दोघं.
मधे पाणी, तेही त्याच्याच बोटीखालचं.

नियम वाईट आहे असं मी म्हणत नाही.
कुठेतरी रेघ ओढावीच लागते, डॉर्थिया म्हणते,
नाहीतर मोजणी संपायची कधी?
खरं आहे. ती रेघ ओढते तेव्हा पट्टी मीच धरते.

ही पाकिटं उघडायची नाहीत, फाडायचीही नाहीत.
बावीस महिने तळघरात, खोक्यात, बंद.
एकदा त्याचं पाकीट मी दिव्यासमोर धरणार होते.
धरलं नाही.
आतला ठिपका कुणाच्या नावापुढे आहे
हे फक्त त्याला ठाऊक, आणि त्या तेलाला.

डिसेंबरात नदी गोठली, बोटी बंद झाल्या.
होलिस आला, टोपीवरचा बर्फ झटकत,
कुत्र्याचा परवाना काढायला.
पैसे मात्र घरी विसरला होता.
"माझं पोचलं होतं ना?" सहज विचारल्यासारखं.
"पोचलं," मी म्हणाले.
खोटं नव्हतं.

"आणि या परवान्याची शेवटची तारीख?"
"जानेवारीअखेर," मी म्हणाले,
"पण आठ-दहा दिवस इकडेतिकडे झाले
तर आम्ही चालवून घेतो."